पाचवी बाटली

१

बाटली हरवली होती. काचेची, अर्ध्या लिटरची, बिब्ब्याच्या अर्काची. एवढ्यासाठी वाळूजच्या कंपनीनं सोमवारी सकाळी सकाळी दारात जीप पाठवली आणि माझा चहा तसाच राहिला.

माझा धंदा आधी सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. मी वकील आहे, पण कोर्टात गरजणारा नव्हे. कारखान्यात कामगारावर आरोप आला की कंपनी बाहेरचा एक माणूस बसवते. तो दोन्ही बाजू ऐकतो आणि अहवाल देतो. तो बाहेरचा माणूस मी. बद्रीनाथ वकील म्हटलं की चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत सगळे ओळखतात आणि बहुतेक तोंड फिरवतात. स्पॅनर चोरला, सुपरवायझरच्या कानाखाली वाजवली, पाळीवर झोपला. अठरा वर्षं हेच ऐकतोय. निकाल बहुधा मी जीपमधून उतरायच्या आधीच ठरलेला असतो. मी त्याला फक्त कलमं चिकटवतो. कंटाळा आलाय, खरं सांगतो.

त्यात जानेवारी चौऱ्याण्णव. विद्यापीठाला नवं नाव मिळून दहा दिवस झाले होते. सोळा वर्षांचं भांडण एका दिवसात कागदावर मिटलं, पण चौकाचौकांत पोलिसांच्या गाड्या अजून उभ्या होत्या. काही घरांत पेढे वाटले होते, काही घरांची दारं बंद होती. जीपच्या ड्रायव्हरनं त्यावर चकार शब्द काढला नाही, मीही नाही. या सोळा वर्षांत माझ्यासारख्यांनी एवढंच केलं, दोन्हीकडं मान हलवली.

पर्सोनेल मॅनेजर श्रीधर माजलगावकर गेटवरच भेटले.

"साधी केस आहे, वकीलसाहेब. शुक्रवारी अहवाल द्या. प्रयोगशाळेत बानाबाई म्हणून एक कामगार आहे. एक तारखेला कायम व्हायचीय. त्याआधी काढायचीय."

"केलं काय तिनं?"

"औषध लांबवलं आणि त्याच्या जागी विष ठेवलं."

कंपनीच्या मागच्या अंगाला एक छोटी प्रयोगशाळा होती. तिथं बिब्ब्यापासून मेंदूच्या सुजेवर औषध शोधायचं चाललं होतं. बिब्बा कच्चा असला की जहर. अंगाला लागला तर उततो, फोड येतात. तो आधी शुद्ध करावा लागतो, त्याला शोधन म्हणतात; ते काम कंपनीच्या वैद्यांचं. मग त्याचा अर्क काढायचा. पहिल्या चार बॅच झकास उतरल्या. पाचवी बॅच बानाबाईनं एकटीनं केली आणि ती पार फसली. त्या बॅचच्या चार बाटल्या कपाटात होत्या.

"खरं तर पाच होत्या," माजलगावकर म्हणाले. "पाचवीत चांगला अर्क होता. तो तिनं कुणाला तरी विकला आणि या चारांत कच्चा माल भरला."

"पाच होत्या कशावरून?"

"आमच्या सांडूनं कानांनी ऐकलंय."

सांडू स्टोअरकीपर. तंबाखू गालात सरकवून तो समोर बसला.

"सायेब, म्या खरं सांगतो. वैद्यबुवा रजेवरून आले. बानाबाईला पाचव्या बॅचचं काहीबाही इचारलं, अन् एकदम कपाळाला हात लावून खालीच बसले. म्हणले, 'बाटली! पाचवी बाटली!' दोनदा म्हणले."

"मग?"

"मग म्या सगळं स्टोअर पालथं घातलं. चारच बाटल्या निघाल्या. पाचवी कुठंय?"

"वैद्यांना विचारलं नाहीस?"

"इचारलं की. म्हणलं, बुवा, कंची बाटली? ते माझ्याकडं बघत राहिले, अन् काही न बोलता निघून गेले."

म्हणजे पुरावा काय, तर एका माणसाचं कपाळ आणि दोन शब्द. एवढ्यावर एका बाईची भाकरी जाणार होती. याहून कमी पुराव्यावर गेलेल्या मी पाहिल्यात.

२

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. कालिंदी. चाळिशीच्या, डोळ्यांखाली काळं. सहा वर्षं परदेशात शिकून परत आल्या होत्या. वडील घरी होते, आणि वडिलांना मुलगी ओळखू येत नव्हती.

"मला 'सिस्टर' म्हणतात," त्या म्हणाल्या. "नर्स समजतात. पाणी दिलं की 'थँक्यू सिस्टर.'"

मी कागद सरळ केले आणि म्हटलं, "मला अडाण्याला कळेल असं सांगा. बिब्ब्याचा आणि मेंदूचा काय संबंध?"

"मेंदूत राखणदार पेशी असतात. मायक्रोग्लिया म्हणतात. जंतू आला, मार लागला की त्या खवळतात. ते बरंच आहे. पण काहींच्या मेंदूत त्या खवळलेल्याच राहतात आणि घरच्यांनाच चावत सुटतात."

"गल्लीतलं कुत्रं," मी म्हटलं. "चोरावर भुंकलं तर राखण. रात्रंदिवस भुंकत राहिलं तर गल्ली सोडायची पाळी."

त्या पहिल्यांदा हसल्या. उंदराच्या पिल्लाच्या मेंदूतल्या या पेशी त्या काचेच्या ताटलीत वाढवत. त्यांना जंतूंचं विष पाजायचं की त्या खवळत आणि एक पदार्थ बाहेर टाकत. त्यात परीक्षेचं रसायन टाकलं की गुलाबी रंग यायचा. जितकं खवळणं जास्त, तितका रंग गडद. दुसऱ्या ताटलीत विषाबरोबर बिब्ब्याचा अर्क घालायचा आणि रंग बघायचा.

"पहिल्या चारही बॅचला पाण्यासारखं स्वच्छ! रंगाचा टिपूस नाही. इतक्या शांत झाल्या होत्या पेशी, वकीलसाहेब, की मी त्या दिवशी जेवलेच नाही. परदेशी भागीदारांनी लगेच होकार कळवला. फक्त आणखी एक बॅच मागितली."

"आणि पाचवी?"

"गुलाबी. जवळजवळ औषध न घातल्यासारखी."

"जवळजवळ?"

"थोडी फिकी होती. पण चार वेळा शून्य पाहिल्यावर थोड्या फिक्याला कोण विचारतं?"

"पाचव्या बॅचच्या बाटल्या कुणी भरल्या?"

"बानाबाईनंच. मी मुंबईला होते, भागीदारांपुढं पहिल्या चारांचे आकडे मांडत." त्या थांबल्या. "ती असं करील असं मला वाटत नाही. पण दुसरं काही सुचतही नाही."

मी वहीत 'थोडी फिकी' एवढं लिहून घेतलं. का लिहिलं ते तेव्हा ठाऊक नव्हतं. अठरा वर्षांत एक सवय लागलीय, माणूस जे झटकून टाकतो ते मी उचलतो.

३

वैद्य केशव पुराणिक बासष्ट वर्षांचे. बुद्धिमान माणूस, ग्रंथ मुखोद्गत. दोन्ही हातांना कापडाच्या पट्ट्या होत्या.

"चौथ्या बॅचच्या वेळी बिब्बा उतला," ते म्हणाले. "महिनाभर रजेवर होतो. म्हणून तर पाचवी बॅच त्या बाईच्या हाती गेली."

"आणि तिचे हात?"

"बघा तुम्हीच. एक फोड नाही. बिब्ब्याला तिनं हात तरी लावलाय का? न रगडता, न शोधता तसाच दिला असणार. उघड आहे."

"पाचव्या बाटलीत काय होतं?"

त्यांनी पट्टीची गाठ घट्ट केली. "मी काय म्हणालो ते सांडूनं सांगितलंय ना? मग झालं."

"तुम्ही सांगा की. बाटली होती का नव्हती?"

"मला बरं वाटत नाही," म्हणाले आणि उठून गेले.

खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हे बोलतच नव्हते.

नंतर बानाबाई आली. पंचेचाळिशीची, धनगराची, दौलताबादच्या किल्ल्याखालच्या वस्तीवरची. नवऱ्याकडं वीसेक मेंढरं राहिली होती, बाकी घर तिच्या पगारावर. खुर्चीवर बस म्हटलं तर काठावर टेकली. हात मात्र न विचारताच टेबलावर पालथे ठेवले. स्वच्छ होते.

"बाटली म्या घेतली नाय. चारच भरल्या व्हत्या."

"बिब्बा रगडलास?"

"तीन दिस. वरची टोपी काढायची, फोडायचा, इटेच्या भुग्यात घालून रगडायचा. भुगा तेल पितो. पिऊन काळा झाला की टाकायचा, नवा घ्यायचा. मग ऊन पाण्यानं धुवायचा. वैद्यबुवांनीच शिकवलं, अन् थोडं आमच्या घरचंबी हाय. मेंढराच्या खुराला आमी बिब्बाच लावतो."

"मग फोड कसे आले नाहीत?"

"खोबरेल लावून बसले. अन् दुसऱ्या दिसापासून त्यात तेल ऱ्हायलंच कुठं उतायला?"

मी लिहीत होतो. ती खालच्या आवाजात म्हणाली, "वकीलसायेब, नौकरी जाईल तर जाईल. बाईमाणूस कुठंबी खपंल. पण वैद्यबुवांचा गुरवारी आमच्याकडं दवाखाना असतो. तिथं बाकावरच्या समद्या बायांसमोर म्हणले, हिच्या हातचं घेऊ नका, हिनं विष दिलं. माझ्या सासूच्या हाताला गुण व्हता, तिच्यामागं मला लोक बोलवायचे. बाळंतीण असू, मुरगळलेला पाय असू. दोन गुरवार झाले, दारात कुणी आलं नाय."

एवढं बोलून तिनं पदरानं तोंड पुसलं. मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की माझं डोकं चालत नाही, म्हणून मी तिला उठवून प्रयोगशाळेत घेऊन गेलो, निदान तिला आणि कालिंदीबाईंना समोरासमोर बसवावं म्हणून.

कालिंदीबाईंनी तिला पहिल्यापासून समजावलं. राग नव्हता त्यांच्या आवाजात, नुसता थकवा. "हे बघ बानाबाई, चौथ्या बॅचच्या वेळी पेशी अगदी शांत झाल्या होत्या. आणि तुझ्या बॅचला..."

बानाबाईनं दचकून वर पाहिलं.

"शांत झाल्या? अगं बाई! मेल्या व्हय?"

४

मी हसलो. आमच्याकडं म्हातारं माणूस गेलं की 'शांत झाले' म्हणतात, बिचारीनं तसंच घेतलं. पण कालिंदीबाई हसल्या नाहीत. त्या टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या, आणि त्यांचा चेहरा पाहून माझंही हसू विरलं.

"काय झालं?"

"मेलेली पेशीही गुलाबी रंग देत नाही," त्या म्हणाल्या.

मेलेलं कुत्रं भुंकत नाही. मला, कलमं चिकटवणाऱ्या माणसालाही हे कळलं. गल्ली शांत आहे म्हणजे कुत्रं निजलंय की मेलंय, हे कुणीतरी जाऊन बघायला हवं होतं.

"तुम्ही बघितलं नव्हतं?"

"एक निळा रंग असतो. जिवंत पेशी तो आत घेत नाही, मेलेली घेते. जगातली सगळ्यात साधी चाचणी." त्यांनी डोळे मिटले. "घाई होती. आणि मला ते शून्य खरं असायला हवं होतं. बाबांसाठी हवं होतं."

त्याच दुपारी त्यांनी चौथ्या आणि पाचव्या बॅचचा अर्क ताज्या पेशींवर घातला. मंगळवारी दुपारी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. चौथ्या बॅचच्या ताटलीत सगळं निळंच निळं. एकही पेशी जिवंत नव्हती. पाचव्या बॅचच्या ताटलीत निळं शोधावं लागत होतं.

आता हिशेब साधा होता. बानाबाईनं कच्चा बिब्बा दिला असता तर पाचव्या बॅचच्या पेशी मेल्या असत्या आणि रंग आलाच नसता. रंग आला, म्हणजे तिचा बिब्बा शुद्ध होता. कच्च्या होत्या त्या पहिल्या चार. ज्याच्या हातांना फोड आले त्यानं शोधन केलं असं सगळे समजत होते. खरं तर फोड आले, कारण शोधन झालंच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो आम्ही.

"आणि ते 'थोडं फिकं'?" मी विचारलं.

"आज तीनदा मोजलं. एक पंचमांश कमी. तिन्ही वेळा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "एवढंच आहे या औषधात. पण एवढं खरं आहे."

मग कोडं उरलं ते असं: पुराणिक वैद्य कामचुकार नव्हते. सांडूला विचारलं तर म्हणाला, "तीन-तीन दिस रगडायचे की! घाम गाळायचे. म्या स्वतः बघितलंय." इतकं रगडूनही चारही वेळा बिब्बा कच्चा कसा राहिला? आणि ती पाचवी बाटली कुठली?

५

"तू वेगळं काय केलंस?" मी बानाबाईला विचारलं.

ती उठून स्टोअरच्या मागं गेली आणि दोन विटा घेऊन आली. एक लाल, खडबडीत, कोपरे झडलेली. दुसरी गुळगुळीत, तपकिरी, दगडासारखी जड. दोन्हींवर तिनं तांब्यातलं पाणी ओतलं. लाल वीट गटागट पाणी प्याली. गुळगुळीत विटेवरून पाणी ओघळून खाली गेलं.

"वैद्यबुवांची इट पितच नाय. भुगा केला तरी नुसता माखतो, तेल आत घेत नाय. त्या येळी ही इट संपली व्हती, म्हणून म्या आमच्याकडली आणली. एष्टीत, पिशवीत घालून."

सांडूनं गुळगुळीत वीट ओळखली. वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांच्या भागांना मुलामा देतात, तिथं तेजाबाच्या हौदाला आतून लावायची वीट. तेजाबसुद्धा तिच्यात शिरत नाही, म्हणून तर तिला मोल. वैद्यबुवा मुद्दाम मागवून घ्यायचे.

"चार पावलांवर वीटभट्ट्या असताना तेजाबाची वीट? कशाला?" मी विचारलं.

सांडूनं खांदे उडवले. बानाबाई जमिनीकडं बघत म्हणाली, "ते म्या नाय सांगायची. पारूबाईला इचारा. लाल इट तिच्या भट्टीची हाय."

बुधवारी सव्वीस जानेवारी, सुट्टी. शाळेची पोरं झेंडे घेऊन घरी चालली होती. पारूबाईची भट्टी वस्तीच्या कडेला, निळ्या झेंड्याच्या चौथऱ्यामागं. साठीची बाई, हात विटेच्याच रंगाचे. मी कोण, कशाला आलो ते सांगितल्यावर तिनं मला पालथ्या घमेल्यावर बसवलं.

"वैद्य माझी इट कशी घेतील, सायेब? ते या रस्त्यानं येतबी नाहीत. गुरवारी सायकल मोठ्या रस्त्यानं पार फिरून नेतात."

"कधीपासून?"

"नामांतराचं पयलं वरीस. लई जाळपोळ झाली तवा. आमची हीर आटली, म्हणून म्या वरच्या हिरीवर घागर सोडली. ते तिथंच उभे व्हते. मला काही बोलले नाहीत. लोकांकडं बघून म्हणले, 'हीर बाटली.' बस. त्या दिवशी आमच्या चार घरांचं पाणी बंद झालं."

मी घमेल्यावरून उठलो.

"काय म्हणाले?"

"हीर बाटली," पारूबाई म्हणाली. "तुमाला म्हाईत नाय व्हय हा शब्द?"

माहीत होता. आमच्या घरात माझी आजी रोज वापरायची. घागर बाटली, चूल बाटली, पंगत बाटली. मी कुठंही शोधत बसलो असतो, पण या शब्दापाशी शोधलं नसतं. आपल्याला जो शब्द विसरायचा असतो तो कानात आला तरी दुसराच ऐकू येतो.

पाचवी बॅच पारूबाईच्या विटेनं शोधली हे ऐकून वैद्य कपाळाला हात लावून खाली बसले होते, आणि म्हणाले होते, पाचवी बाटली. सांडूनं काच ऐकली. माजलगावकरांनी चोरी ऐकली. ध चा मा झाला, आणि ज्यानं तो मिटवायचा तो गप्प बसला. चौकात पोलिसांच्या गाड्या असताना तो शब्द उघड बोलला असता तर स्वतः आत गेला असता. त्यापेक्षा एक बाई चोर ठरलेली बरी.

बाटली नव्हतीच. कधीच नव्हती.

६

गुरुवारी सकाळी नऊला मी बानाबाईला घेऊन दवाखान्यात पोहोचलो. एक खोली, एक टेबल, बाहेर पडवीत लांब बाक. बाकावर सात-आठ बाया येऊन बसल्या होत्या. बानाबाई दारापाशीच थांबली, आत मी एकटा गेलो.

मी वैद्यांना सगळं सांगितलं. निळ्या पेशी, विटेवरून ओघळलेलं पाणी, विहीर. शेवटी त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"चारही बॅच कच्च्या होत्या?"

"चारही."

"माझं शोधन चुकलं?" त्यांचा आवाज फाटला. "चाळीस वर्षं मी हे करतोय, बद्रीनाथराव."

"चाळीस वर्षं ही वीट वापरत होतात?"

"नाही. ही तीन-चार वर्षांत. त्याआधी पैठणहून आणायचो, ती भट्टी बंद पडली. मग जवळपास त्या वस्तीतल्यांच्याच भट्ट्या राहिल्या, आणि..." ते थांबले. "कारखान्यातली वीट यंत्रात बनते. तिला कुणाचा हात लागलेला नसतो. मला ती शुद्ध वाटली."

"ग्रंथात काय लिहिलंय?"

"विटेचं चूर्ण."

"भट्टी कुणाची ते लिहिलंय?"

त्यांनी हातावरची पट्टी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, "नाही."

"औषध बाटलं असंच वाटत होतं ना तुम्हाला? मनापासून?"

"मनापासून. रंग आला तेव्हा तर खात्रीच पटली. मी खोटी तक्रार केली नाही हो. फक्त खरा शब्द बोललो नाही."

मला त्यांचा संताप यायला हवा होता. आला तोही अर्धाच, कारण उरलेला अर्धा माझ्यावरच येत होता. मी म्हटलं, "उद्या अहवालात मी तिला निर्दोष लिहितोय, कारणांसकट. कालिंदीबाईंनी भागीदारांना पत्र पाठवलं, पहिले चारही निकाल चूक होते म्हणून, स्वतःच्या सहीनं. भागीदार बहुतेक हात झटकतील. ते त्यांनी पत्करलंय. पण अहवाल कंपनीच्या कपाटात जाईल. इथल्या बाकावर तो कुणी वाचणार नाही. इथं तुम्ही बोलला होतात."

वैद्य उठले. चष्मा काढला, पुन्हा घातला. पडवीत गेले तशा बाया सावरून बसल्या.

"मागं मी बानाबाईविषयी काही बोललो होतो," त्यांनी सुरुवात केली. "शोधनप्रक्रियेतील इष्टिकाचूर्णाच्या गुणवत्तेसंबंधी काही अनवधान घडलं, त्यायोगे..."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. दारातून बानाबाई म्हणाली, "बुवा, त्या दिशी कसं साधं बोलला व्हता. तसंच बोला की."

ते बाकाकडं वळले.

"हिनं विष दिलं नाही. हिचं औषध चांगलं होतं. माझंच कच्चं होतं. माझी वीट चुकली."

"हिची इट कंची व्हती?" बानाबाईनं विचारलं. आवाज चढवला नाही, पण सोडलंही नाही.

वैद्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली नाही, एकीकडंही नाही.

"पारूबाईच्या भट्टीची," ते म्हणाले. "तीच बरोबर होती. मी म्हणालो बाटली. ते खोटं आहे. काही बाटलं नव्हतं."

एक बाई उठून पिशवी घेऊन निघूनच गेली, कुणावर रागावून ते कळलं नाही. मग बाकाच्या टोकाची म्हाळसाबाई काठी टेकत उठली. सत्तरीची, बानाबाईच्या शेजारच्याच घरातली. मला वाटलं, हीही चालली. ती वैद्यांच्या अंगावरून पुढं गेली, दारापाशी बानाबाईसमोर हळूच खाली बसली आणि लुगडं वर घेऊन तिनं पाय लांब केला.

"गुडघा लई धरलाय गं. मधी आली कामून नाहीस?"

"तुमी बोलावलंच नाय, आत्या."

"आता बोलवते ना. बघ."

बानाबाई खाली बसली. तिनं तो गुडघा दोन्ही हातांत धरला आणि मग मात्र तिला रडू आवरेना. म्हातारी पाय तसाच लांब करून बसून राहिली.